रिलांची जत्रा आणि मैदानाचे मालक

माळेगावची जत्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना गर्दी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं गाव. मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमाराला इथं घोडे येतात, गाढवं येतात, उंट येतात. कुस्त्यांचा फड लागतो, लावणी महोत्सव होतो, तमाशाचे तंबू उभे राहतात आणि देवाची पालखीही निघते. एवढं सगळं एका गावात, पण एका जागी नाही. घोड्यांचा बाजार एका अंगाला, कुस्त्या दुसऱ्या अंगाला. तमाशा बघायचा तर उठून तंबूपर्यंत जावं लागतं, तिकीट काढावं लागतं आणि आत जाताना आपल्याला कोण बघतंय याकडेही जरा लक्ष ठेवावं लागतं. पाणी, दिवे, जनावरांचा दवाखाना हे जिल्हा परिषदेनं आणि पंचायतीनं बघायचं असतं. काही बिघडलं तर लोक आधी त्यांना धारेवर धरतात. 'लोकच वाईट आले होते' म्हणून तिथं कुणाची सुटका होत नाही.

मोबाईलवर हीच जत्रा बारा महिने भरलेली आहे. फक्त तिथली अंगं मोडून टाकली आहेत. देवीच्या आराध्यांचं गाणं, त्याला लागून कुण्या पुढाऱ्याची धमकी, मग लग्नातला डीजे, मग रक्ताचा फोटो, मग कापसाचा भाव, मग कमरेला पिस्तूल लावलेला कुणी 'भाऊ'. सगळं एकाच पट्टीत, एकाच अंगठ्याखाली. उठून कुठं जायचं कारणच उरलेलं नाही. खाली सरकवत राहिलं तरी पान संपू नये, ही सोय २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरनं शोधली. पुढे त्यानंच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पान संपलं की माणूस क्षणभर थांबतो, घड्याळाकडे बघतो, चुलीवर काय ठेवलंय ते आठवतो. तेवढा क्षणही या धंद्याला परवडत नाही.

आपल्याकडे या विषयावर बोलणारे बहुतेक दोन प्रकारचे. एक म्हणतात, फोन बाजूला ठेवा, पुस्तकं वाचा. दुसरे म्हणतात, बंदीच घाला. दोघांचाही रोख बघणाऱ्यावर. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं, त्याचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण साडेआठला दुसरा भोंगा झाला की पोरं परत मोबाईलच्या त्याच मैदानात, आणि मैदान होतं तसंच. माझं म्हणणं असं की माणसं सुधारायची वाट बघण्यात अर्थ नाही. मैदानाची मांडणी बदलायला लावली पाहिजे, आणि ती बदलता येते याचे पुरावे हे मैदान चालवणाऱ्या ॲपच्या कंपन्यांनीच देऊन ठेवले आहेत.

या मैदानानं मराठवाड्याला दिलंय भरपूर, हे आधी सांगितलं पाहिजे. एक काळ असा होता की इकडची बोली मुंबई-पुण्याच्या मंचावर जवळपास एकट्या माणसाच्या खांद्यावर बसून गेली. औरंगाबादच्या विद्यापीठातले नाट्यशास्त्राचे प्राध्यापक डॉ. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करायचे. आज सेलूची पोरगी नाहीतर औशाचा पोरगा 'काय करलालाव?' म्हणत मोबाईलसमोर उभा राहतो आणि पुण्यात बसलेले लोक ते हसून हसून पुढे पाठवतात. भारूड, बंजारा तांड्यावरची गाणी, भीमगीतं, हलगी, संबळ, तुळजापूरच्या वाटेवरचे आराधी, खुलताबादची कव्वाली हे सगळं कुण्या चॅनेलवाल्याच्या परवानगीशिवाय लोकांपर्यंत जातंय. हा काही लहानसहान बदल नाही. म्हणूनच 'बंद करा' म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मला उभं राहता येत नाही.

बंद केल्यावर काय होतं ते आपण बघितलंय. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं. कारण सीमेवरच्या तणावाचं होतं, त्यात इथं शिरत नाही. पण खेड्यातल्या ज्या पोरापोरींनी दोन-तीन वर्षं खपून प्रेक्षक जमवले होते, त्यांचे प्रेक्षक एका रात्रीत गेले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील आले आणि सगळे पुन्हा शून्यापासून नाचायला लागले. जमवलेल्या माणसांवर कलाकाराचा काडीचा हक्क नव्हता. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय या देशात २०११ पासून आहे, आणि ती कंपन्यांनी खुशीनं दिलेली नाही, नियमानं द्यायला लावली. तसंच अनुयायांच्या बाबतीत का होऊ नये? उद्या एक ॲप बुडालं, बंद झालं किंवा त्यानं एखाद्या कलाकाराला विनाकारण दाबून टाकलं, तर 'मी आता इकडे आलो आहे' एवढा निरोप आपल्या माणसांना पोचवण्याचा हक्क त्याला असलाच पाहिजे.

आता मला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो ती. लग्नात गोंधळ ठेवलाय. गोंधळी जीव तोडून गातोय, संबळाचा ठेका असा पडलाय की म्हातारी माणसंही मान डोलवायला लागली आहेत. मांडवातला कुणी पाहुणा फोन वर करतो, पाऊण मिनिट टिपतो आणि टाकून देतो. खाली बारीक अक्षरात येतं 'ओरिजिनल ऑडिओ' आणि पुढे नाव येतं त्या पाहुण्याचं. तो आवाज उचलून कुणी ट्रॅक्टरवर रील करतं, कुणी देवीच्या फोटोवर, कुणी नव्या बुलेटवर. प्रत्येक ठिकाणी पाहुण्याचंच नाव. गाणाऱ्याला हे कळतं ते पुढच्या लग्नात, 'ते इन्स्टावरचं म्हणा की' अशी फर्माईश आल्यावर.

याला लोककलेची हेळसांड वगैरे म्हणून उसासे टाकायची गरज नाही, कारण कायदा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादरकर्त्याचे हक्क घातले गेले, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं सादरकर्ता म्हणून आपलं नाव लागण्याचा हक्कही त्यात आला. सादरकर्ता कोण, याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक तर आहेतच, शिवाय कसरती करणारा, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहे. संसदेला गारुडी आठवला. हजारो इंजिनिअर पदरी बाळगणाऱ्या कंपनीला गोंधळी आठवू नये? सिनेमाच्या गाण्याची काही सेकंदं वापरली तरी यांची यंत्रं लगेच ओळखतात, कारण तिथं म्युझिक कंपनीचा वकील उभा असतो. तेच यंत्र संबळवाल्याच्या आवाजावर लावायचं. त्याला एकदा 'हा आवाज माझा' अशी नोंद करता आली पाहिजे, आणि मग तो आवाज जिथं जिथं जाईल तिथं त्याचं नाव, गाव आणि त्याची इच्छा असेल तर कार्यक्रमाच्या सुपारीसाठी संपर्क आपोआप गेला पाहिजे. पैशाचा वाटा पुढची गोष्ट. नुसतं नाव लागलं तरी लगीनसराईत त्याच्या सुपाऱ्या वाढतील.

जाता जाता लांबीबद्दल. रील भारतात आले तेव्हा १५ सेकंदांचे होते, २०२५ च्या सुरुवातीला तीन मिनिटांपर्यंत गेले. रात्रभर चालणारा गोंधळ तीन मिनिटांतही मावत नाही, पण ती तक्रार मी करणार नाही. तुकडा बघून पूर्ण गोंधळ बघावासा वाटला तर तो कुठं आहे, हे त्याच जागी सापडलं पाहिजे, एवढं पुरे.

मांडणीचा मुख्य प्रश्न मात्र सगळं एकाच पट्टीत येण्याचाच आहे. मार्च २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येचे फोटो बाहेर आले, तेव्हा ते ज्यांना बघायचे होते त्यांनी बघितलेच, पण ज्यांना बघायचे नव्हते त्यांच्याही अंगठ्याखाली ते येऊन पडले. विनोदी रील बघत बसलेल्या शाळकरी पोरांनी काय बघितलं असेल याचा विचार करा. बातमी दडवा असं मी म्हणत नाही. त्या प्रकरणात फोटो बाहेर आले म्हणूनच सरकार हललं. पण बातमीचा तंबू वेगळा असावा, तिकडे ज्याला जायचं त्यानं उठून जावं. करमणूक, ओळखीच्या माणसांची ख्यालीखुशाली आणि राजकारण यांच्या तीन वेगळ्या खिडक्या करायला कुठलं मोठं शास्त्र लागत नाही. इन्स्टाग्रामनं २०२२ मध्ये फक्त आपण निवडलेल्यांच्या पोस्ट वेळेच्या क्रमानं दाखवण्याची सोय आणली. पण ती कायम ठेवता येत नाही, ॲप उघडलं की पुन्हा यंत्राचीच निवड समोर. युरोपात मोठ्या कंपन्यांना आता कायद्यानंच असा एक तरी पर्याय द्यावा लागतो, ज्यात बघणाऱ्याच्या सवयींवर पाळत ठेवून निवड केलेली नसते. तो पर्याय ब्रुसेल्समध्ये देता येतो तर जालन्याच्या बदनापुरात का नाही? आणि तो एकदा निवडला की तसाच राहिला पाहिजे.

कंपन्या म्हणतात, लोकांना हेच आवडतं, आम्ही काय करणार. हे खोटं आहे, आणि खोटं आहे ते त्यांच्याच कागदांवरून. फेसबुकची आतली कागदपत्रं २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या त्यांच्याच माजी कर्मचारी बाईंनी बाहेर काढली. त्यातून कळलं की २०१७ पासून साध्या लाइकपेक्षा इमोजीच्या प्रतिक्रियांना पाचपट वजन होतं, आणि त्यात रागाचा लाल चेहराही होता. म्हणजे संताप आणणारी पोस्ट पाचपट जोरानं वर ढकलली जायची. पुढे २०२० मध्ये त्या लाल चेहऱ्याचं वजन शून्य केलं. कंपनीचं दिवाळं निघालं नाही. माणसंही ॲप सोडून गेली नाहीत. एक आकडा बदलला, बस्स.

दुसरं उदाहरण आपल्या उंबऱ्यावरचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणाऱ्यांची टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. मराठवाड्यातही त्या दिवसांत अनोळखी माणूस दिसला की लोक गोळा व्हायचे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असा नियम आणला. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे निरोप ७० टक्क्यांनी कमी झाले असं कंपनीनंच सांगितलं. कुणाचा निरोप वाचला नाही, कुणाला तुरुंगात टाकलं नाही. नुसता अंगठ्याला अडथळा घातला. वाईट याचं वाटतं की ही अक्कल यायला पाच भटक्या माणसांचा जीव जावा लागला.

आणि सरकारकडे उपाय काय? नेट बंद. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड-माजलगावात जाळपोळ झाली तेव्हा नेट बंद. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरात पुन्हा बंद. अफवा थांबते का, हा वादाचा मुद्दा, पण दुकानदाराचं फोन-पे थांबतं, भरतीचा फॉर्म अडकतो, पुण्यात शिकणाऱ्या पोरीला घरचं कुशल कळत नाही. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीत फेसबुकनं तणावाच्या दिवसांसाठी खास बटणं तयार ठेवली होती. भडकावू मजकुराचा वेग कमी करायचा, राजकीय गटांच्या शिफारशी थांबवायच्या, असली. तीच बटणं जिल्ह्यापुरती दाबता येतील. चार दिवस जालना जिल्ह्यात अनोळखी पानांवरचे व्हिडिओ आपोआप लोकांसमोर आणू नका, फॉरवर्ड एकावर आणा, बाकी सगळं चालू ठेवा. ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांनी करावी, पण लेखी आणि जाहीरपणे, मुदत घालून. गुपचूप नको.

कमेंटबद्दल बोलल्याशिवाय मराठवाड्यातल्या सोशल मीडियाबद्दल बोलणं म्हणजे मिठाशिवाय वरण. एखादी मुलगी छान अभंग म्हणते. खाली पहिल्या दहा-वीस कमेंट 'खूप छान ताई'. मग एक शब्द येतो, 'आडनाव?' तिथून पुढे अभंग संपतो. भगवं बदाम, पिवळं बदाम, निळं बदाम, हिरवं बदाम अशा जातीधर्माच्या फौजा उतरतात. शिवी एकही नसते, त्यामुळे यंत्राला वाटतं प्रेमाचा पूर आलाय. आरक्षणाच्या आंदोलनानंतर तर एका गावात एका विहिरीचं पाणी पिणारी पोरं कमेंटमध्ये एकमेकांची आडनावं उकरत बसली. २०२५ मध्ये बीडच्या पोलीस दलानं पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली आणि नुसतं नाव ठेवलं. पाटी बदलून मनं बदलत नाहीत, हे मलाही कळतं. पण पोलिसांना निदान सुचलं तरी. ज्या कमेंटला जास्त उलट उत्तरं ती वर, हा हिशेब ॲपवाल्यांनी का बदलू नये? भांडणालाच सगळ्यात जास्त उत्तरं येतात, हे नळावरच्या बायाही सांगतील. नव्यानं आलेल्या अनोळखी खात्यांना काही दिवस कमेंट करू न देण्याची सोय आजही सेटिंगच्या तळघरात पडलेली आहे. ती वर आणून ठेवा, मराठीत, ठळक अक्षरात.

मराठीत म्हणालो ते मुद्दाम. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक. हॉगनबाईंच्या कागदांत असंही होतं की खोटी माहिती ओळखण्यावर फेसबुक जो वेळ खर्च करतं, त्यातला ८७ टक्के एकट्या अमेरिकेसाठी राखलेला. उरलेल्या १३ टक्क्यांत अख्खं जग, त्यात आपण, आणि आपल्यातही 'कामून', 'करलालाव' बोलणारे. मराठी कळणारी माणसं कंपनीनं पगारावर ठेवलीच पाहिजेत, आणि त्यातली काही परभणी-लातूरचीही पाहिजेत. मराठवाड्याची खोच पुण्यातल्या माणसालाही कधी कधी उलगडून सांगावी लागते, यंत्राची काय कथा.

यावर एक रास्त शंका येते. कंपन्यांना हे सगळं करायला लावायचा अधिकार सरकारला दिला तर उद्या सरकारच ठरवेल काय खरं आणि काय खोटं. ती भीती मलाही आहे. केंद्र सरकारनं स्वतःबद्दलच्या बातम्यांचा खरेखोटेपणा स्वतःच तपासायची तरतूद आणली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, ते फार बरं झालं. म्हणून तर मी मजकुराबद्दल कमी आणि मांडणीबद्दल जास्त बोलतोय. पुढाऱ्याला काय बोलायचं ते बोलू द्या. त्याचं बोलणं पाच लाख अंगठ्यांखाली फुकटात सरकवायचं की नाही, हा प्रश्न वेगळा आहे.

मुलांच्या वयाचं तर वेगळंच आहे. इन्स्टाग्रामनं फेब्रुवारी २०२५ पासून भारतात अठराच्या आतल्यांसाठी वेगळी, जास्त बंधनांची खाती आणली. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना खातंच बंद केलं. दोन्ही ठिकाणी गृहीत असं धरलंय की एक फोन म्हणजे एक माणूस. आमच्याकडे सिम बापाच्या नावावर, खातं थोरल्या भावाचं, आणि संध्याकाळी फोन धाकट्या बहिणीच्या हातात. यंत्राच्या लेखी ती चोवीस वर्षांचा तरुण असते आणि त्याच हिशेबानं तिला रील वाढले जातात. बाया तर स्वतःचा फोटो लावतच नाहीत, डीपीला गुलाब नाहीतर बाळकृष्ण, आणि तरी अनोळखी 'हाय' चुकत नाही. वयाचे दाखले मागत बसण्यापेक्षा एक सोपं बटण द्या. 'आता फोन लेकराच्या हातात आहे' म्हणून दाबलं की तेवढ्या वेळापुरते अनोळखी निरोप बंद, पुढे आपोआप सरकणं बंद, मारामारी बंद. फोन परत घेतला की पिन टाकून पूर्ववत. आणि बायांच्या खात्यावर अनोळखी निरोप मुळात बंदच असावेत, ज्यांना हवेत त्यांनी उघडावेत.

हे सगळं मागायचं कुणाकडे? २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि निकाल आधी १५ दिवसांत, फेब्रुवारी २०२६ पासून ७ दिवसांत. कागदावर चांगलं आहे. प्रत्यक्षात तक्रारीच्या फॉर्मपर्यंत पोचायला जेवढ्या खिडक्या उघडाव्या लागतात तेवढ्यात तो गोंधळी पुढच्या गावाला निघून गेलेला असतो. फॉर्म मराठीत असावा, आणि टाइप करावाच लागू नये. फोनसमोर बोलून तक्रार नोंदवता आली पाहिजे, तिचा नंबर मिळाला पाहिजे, आणि कुठल्या जिल्ह्यातून किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, याचा तक्ता कंपनीनं दर महिन्याला जाहीर केला पाहिजे. तो तक्ता हातात आला की बीडचा, हिंगोलीचा आकडा बघून खासदाराला गाठता येईल.